कागदावरची तपासणी

लॅबमध्ये शेजारच्या खुर्चीतला तरुण आपल्या आईच्या हातावरचा कापूस दाबून बसला होता. "सोड रे, थांबलंय रक्त," ती म्हणाली, तरी तो सोडेना.

मी दरवर्षी आयकर विवरणपत्रात आईच्या आरोग्य तपासणीचा खोटा खर्च दाखवायचो. पावती कुणी मागत नसे आणि परतावा थोडा वाढायचा. एकदा तिनं विचारलं, "माझं काय लिहितोस?"

"तुझी तपासणी केली म्हणून."

ती हसली. "मग, बरी निघाले ना?"

"ठणठणीत!"

आता तिला अंधुक दिसतं. डॉक्टरांना साखरेची शंका आहे, म्हणून आज तिला पहिल्यांदाच इथं आणलं. सुई निघाल्यावर मी कापूस दाबून धरला. माझा चेहरा शोधत ती म्हणाली, "याही वेळी बरी निघेन ना रे?"