लॉजच्या दारावरची तिसरी थाप

समस्त वाचकांस, त्यांच्या कुटुंबीयांस, आणि त्यांच्या पलंगाखाली कोणी राहत असल्यास त्यांनाही, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की प्रस्तुत लेखक भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. कधीच ठेवला नाही. बंगलोरच्या एका सरकारी कारखान्यात मी इन्स्पेक्शन खात्यात आहे. जी वस्तू मोजता येत नाही ती मी पास करत नाही. तरीही एक गोष्ट हातून पास झाली आहे... ती आज तुमच्यासमोर ठेवतो.

यशवंतपूर स्टेशनच्या अलीकडे, रेल्वे क्वार्टर्सच्या मागे, एक दगडी कौलारू बंगला आहे. फ्रीमेसन या गुप्त रीतींच्या मंडळाचं लॉज, म्हणजे सभाघर. इंग्रज ड्रायव्हर, गार्ड, स्टेशनमास्तर यांनी हौसेने बांधलेलं. आसपासचे लोक त्याला भूतबंगला म्हणत, कारण खिडक्या उंच, दार बंद, आणि आतली मंडळी आत काय करतात ते बायकोलासुद्धा सांगत नाहीत. मी सभासद झालो तेव्हा आमच्या सुशीलाने एवढंच विचारलं होतं, "निदान जेवायला तरी देतात ना?" देतात. उत्तम देतात.

इंग्रज गेले, खुर्च्या राहिल्या. आणि मागच्या व्हरांड्यातला मोफत दवाखाना राहिला. पण भूतबंगल्यात पोर घेऊन कोण येणार? बायकांची ती भीती घालवली डिमेलोने. डिमेलो आमचा टायलर — म्हणजे सभा चालू असताना बंद दाराबाहेर नंगी तलवार घेऊन उभा राहणारा पहारेकरी. रिटायर्ड रेल्वे गार्ड, मिशा तलवारीपेक्षा धारदार. सकाळी तो दवाखान्याच्या पायरीवर बसून रडक्या पोरांना ती तलवार दाखवायचा. पोरं आ वासून बघत, आणि तेवढ्यात नर्स सुई टोचून मोकळी होई.

लॉजमधली गुपितं मी सांगणार नाही, पण एक रीत सांगावीच लागेल. सभा उघडण्यापूर्वी आतला माणूस दारावर तीन थापा मारतो. बाहेरच्या टायलरने तीन थापांनी उत्तर द्यायचं. उत्तर आलं की दार राखलेलं आहे असं धरायचं. उघडून बघायचं नाही. उत्तर नाही, तर सभा नाही. डिमेलो तलवारीच्या मुठीने ठोकायचा, आणि त्याची तिसरी थाप नेहमी उशिरा यायची. गुडघा अधू होता. मध्येच तो वजन दुसऱ्या पायावर घ्यायचा.

आता मुद्द्यावर येतो. एकसष्ट-बासष्टच्या सुमाराला आमच्या सभा माणसांअभावी एकामागून एक बुडू लागल्या. शेवटी मद्रासच्या मुख्य लॉजमधून मुदलियार नावाचे वरिष्ठ साहेब आले. ही सभा भरली नाही तर लॉज बंद, इमारत मद्रासच्या ताब्यात, दवाखान्याला कुलूप. सुशीला तिथे पट्ट्या बांधायला जायची. त्या दिवशी मल्लेश्वरमच्या घरातून निघताना ती म्हणाली, "सभा भरवल्याशिवाय घरी येऊ नका." मी हसलो. ती हसली नाही.

आणि नेमका डिमेलो न्यूमोनियाने इस्पितळात! सुशीला संध्याकाळी त्याच्याजवळ बसायला जाणार होती. त्याच्या जागी उभं राहायचं कबूल केलं होतं गुंडूअण्णाने — चिकपेटचा कापडवाला, चार पिढ्या बंगलोरात, मराठी बोलतो पण निम्मी कन्नडातच बुडवून. पुढच्या खोलीची, जिथे टायलर उभा राहतो तिची, किल्ली अण्णाकडेच होती. त्याने पुढून यायचं, आम्ही मागून दवाखान्यातून आत शिरलो. उन्हं अजून खिडकीवर होती.

आतला थापवाला मी. मुदलियार साहेब उंच खुर्चीत बसले, घड्याळ बघितलं.

"टायलर दारावर आहे?"

"असायला हवा, सर."

"हवा की नको ते मी विचारलं नाही."

अण्णाच्या स्कूटरचा आवाज मी ऐकला नव्हता. पलीकडे ना पाऊल, ना खोकला. मी ठोकलं की पलीकडून काहीच येणार नाही, आणि माझ्याच हाताने दवाखाना बंद होणार... सगळे माझ्या पाठीकडे बघत होते. मी तीन थापा मारल्या.

शांतता. मग — ठक. ठक.

आणि बऱ्याच वेळाने — ठक.

मला इतकं हायसं वाटलं की हसूच आलं. म्हटलं, बघा हा चावट अण्णा, डिमेलोची नक्कल करतोय. मागे वळून ऐटीत सांगितलं, दार राखलेलं आहे. सभा सुरू झाली.

थोड्या वेळाने बाहेर कुलूप खडखडलं, धावती पावलं आली आणि दारावर तळहात आपटू लागला. "जोशी, उघड की रे! स्वल्प उशीर झाला! गेट पडलं, मालगाडी हलेना, मी काय करू?"

मी दार उघडलं. दारात गुंडूअण्णा, घामाघूम, हातात किल्ली. त्याच्या मागे खोली रिकामी. खिडकीला गज. तलवार आपल्या खुंटीवर.

"तू आत्ता येतोयस?" मी विचारलं.

"मग काय सकाळी आलो? कुलूप आत्ताच काढलं."

मुदलियार साहेब खुर्चीवरून उतरून आले. खोलीत एक फेरी मारली, गज ओढून पाहिले. मग मला म्हणाले, "उत्तर आलं होतं?"

"आलं होतं, सर. सगळ्यांनी ऐकलं."

"मीही ऐकलं." ते दाराकडे वळले. मला वाटलं, संपलं. आता म्हणतील सभा रद्द. "नियम थापांबद्दल आहे. त्या कोणाच्या, याबद्दल नियमात काही नाही. सभा ग्राह्य. पण यापुढे दिसणारा माणूस उभा करा."

शेवटी अण्णालाच दारावर उभं करून सभा पूर्ण झाली. दवाखाना राहिला, आजही तिथे रांग असते.

त्या संध्याकाळी मी घरी न जाता थेट इस्पितळ गाठलं. मनात एक छान कथा जुळवली होती — डिमेलोने ग्लानीत पलंगाच्या कडेवर तीनदा ठोकलं असणार, तिसऱ्यांदा उशिरा. सुशीलाला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, "छे हो. संध्याकाळभर घोरत होता. कूससुद्धा बदलली नाही." डिमेलो पुढे बरा झाला. त्यालाही विचारलं, त्याला काही स्वप्नबिप्न पडलं नव्हतं. उलट आपल्यावाचून सभा भरली म्हणून तो चार दिवस रुसला होता.

तेव्हा मंडळी, स्पष्टीकरण माझ्यापाशी नाही. भिंत तपासली, दार तपासलं, उंदीर-घुशींवर संशय घेऊन झाला. तिसरी थाप उशिरा मारणारी घूस मला अजून भेटलेली नाही.

मात्र मुदलियार साहेबांचा निकाल लागल्यावर जे झालं ते सांगायलाच हवं. सगळ्यांच्या नजरा अण्णाकडे वळल्या. तो नाही म्हणाला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. मी खुंटीवरची तलवार काढून त्याच्या हातात दिली. त्याने मूठ धरली आणि चेहरा उतरला. "जोशी," तो हळूच म्हणाला, "गरम आहे रे."

मी हात लावून पाहिला. होती.

"उभा राहा, अण्णा," मी म्हटलं, "दवाखान्यासाठी. थोडा वेळ तर एकट्याने काढायचाय."

आणि अण्णा मद्रासच्या साहेबांदेखत, सगळ्या लॉजला ऐकू जाईल असा ओरडला, "एकटा असतो तर राहिलो असतो की रे!"