दोन आबा

फोन दुपारी आला. दवाखान्यातल्या सिस्टर "अक्का, या लवकर" एवढंच म्हणाल्या आणि मला कळलं. डॉक्टर, म्हणजे माझे यजमान, खुर्चीतच गेले होते. गावाला गोळ्या वेळेवर घ्या म्हणून दम देणारा माणूस, आणि स्वतःची सकाळची गोळी टेबलावर तशीच... अजून राग येतो मला. सव्वा महिना झाला तरी येतो.

पण लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. करोनाच्या दुसऱ्या लाटेत अमळनेरच्या आमच्या छोट्या दवाखान्यात दोन म्हातारे शेजारी-शेजारी होते, एक भडगावचे, एक धरणगावचे. आपल्याकडे म्हातारा माणूस दाखल झाला की त्याचं नाव दारातच राहतं. आत येतो तो आबा. हे दोघेही आबाच. त्या दिवशी ऑक्सिजनचा एकच सिलिंडर उरला. जिल्हाभर फोन करून झाले होते. डॉक्टरांनी तो भडगावच्या आबांना लावला, कारण त्यांची वाचण्याची आशा जास्त होती. मग त्या पांढऱ्या पोशाखातच बाहेर येऊन नातेवाइकांना म्हणाले, "आबा वाचतीन. घाबरू नका."

धरणगावच्या आबांची लेक रडत-हसत उठली, हात जोडले आणि बापासाठी पेज आणायला निघून गेली. तिचा गैरसमज डॉक्टरांच्या तिथेच लक्षात आला. तिच्या आबांचा श्वास अजून चालू होता. काचेतून तरी तिने त्यांना पाहिलं असतं. पण हाक मारली तर खरं सांगावं लागणार होतं... ती परत आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. भडगावचे आबा वाचले. डॉक्टर सगळा वेळ त्यांच्याच खाटेपाशी होते.

"सिलिंडर कुणाला लावायचा ते ठरवणं माझं कामच होतं," ते मला म्हणायचे, "पण तिला थांबवणं हेही माझंच काम होतं ना गं?" धरणगावला जाऊन तिला सगळं सांगायचं त्यांनी कितीदा ठरवलं. दर वेळी मी आडवी आले. लोक दवाखाना फोडतील, म्हटलं. ते ऐकायचे आणि चपला काढून पुन्हा आत यायचे. पेशंटला आबा-नाना म्हणणं मात्र त्यांनी बंदच केलं. पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव. मतदारयादी करताय का, म्हणून मी चेष्टा करायचे. ते हसायचे नाहीत.

परवा तीच लेक दारावर आली. दुःखाला भेटायला येण्याला आपल्याकडे दारावर येणं म्हणतात. म्हणाली, "अक्का, मना आबा गयात तवय डाक्टर त्यासना जोडे व्हतात ना?" आबा गेले तेव्हा डॉक्टर त्यांच्याजवळ होते ना, एवढंच तिला विचारायचं होतं.

डॉक्टरांना इतकी वर्षं जे सांगायचं होतं, ते सांगायला आता मला अडवणारं कुणी नव्हतं.

"व्हतात ना माय," मी म्हटलं.

तिचा चेहरा निवला. दारावर आलेलं माणूस निघताना "येते" म्हणत नाही, आपणही "ये" म्हणत नाही. ती तशीच उठली, पायऱ्या उतरली, रस्त्याला लागली. मी फाटकाशी उभी होते. दारावर आलेल्या माणसाला मागून हाक मारायची नसते, असं मी स्वतःला सांगत राहिले.