थुनेरासाठी कूलर

रावेरच्या उन्हात हिमालय सांभाळायचा वेडेपणा आजवर एकाच माणसाने केला असेल, तो म्हणजे आमचे घरमालक. नव्वद सालानंतर मी तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि त्यांच्याकडे भाड्याने राहत होतो. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं. जन्मभर केळी पिकवलेला हा गृहस्थ बायको गेल्यावर केदारनाथला गेला आणि येताना डालड्याच्या डब्यात एक रोप घेऊन आला. थुनेर. सुईसारख्या पानांचं पहाडी झाड. औषधासाठी लोक त्याची साल ओरबाडून नेतात, आता जंगलात ही झाडं फारशी उरली नाहीत, असं तिथल्या पंड्याने सांगितलं, आणि नानांनी ते मनावर घेतलं.

एप्रिल लागला की घरात बाळंतीण असावी तशी त्यांची धावपळ सुरू होई. ओलं गोणपाट, वर केळीच्या पानांचा आडोसा. एका मे महिन्यात तर घरातला एकुलता एक कूलर त्यांनी झाडाकडे वळवला आणि स्वतः डोक्यावर ओला पंचा टाकून बसले. मी कुरकुरलो तर म्हणाले, "आपल्याले उनाची सवय हाये मास्तर, त्याले नाही." दीपनगरला थर्मल वीजकेंद्रात नोकरीला असलेला त्यांचा मुलगा दर उन्हाळ्यात त्यांना न्यायला येई. झाडाकडे कोण बघेल म्हणून नाना त्याला चहा पाजून परत पाठवत. पुढे तोही येईनासा झाला. संध्याकाळी नाना ओट्यावर बसून झाडालाच केळीचे भाव सांगत.

केळीला बी लागत नाही, बुंध्याशी पिल्लं फुटतात. त्यामुळे नाना रोज सकाळी थुनेराच्या बुडाशी बोटाने माती उकरून पिल्लं शोधत. शेवटी माझ्या एका वनस्पतीशास्त्राच्या मित्राने सांगितलं, यात नर-मादी झाडं वेगळी असतात, जोडीदार नसेल तर बी धरणार नाही. नानांनी बुडाशी उकरलेली माती बोटांनी परत सारखी केली.

"म्हंजे मीच याले एकटं पाडलं," एवढंच म्हणाले.

पावसाळा सरताच ते रोप परत केदारनाथला न्यायला निघाले. मी स्टेशनवर पोचवायला गेलो. सीटवर मांडी घालून, डबा मांडीत धरून बसले होते. खिडकीशी उभा राहून मी म्हटलं, आता मोकळे झालात, परत आलात की खुशाल दीपनगरला राहायला जा.

"तिथी माह्यावाचून कोनाचं अडते?" नाना म्हणाले.

मी फिरकीचा तांब्या खिडकीतून आत दिला. त्यांनी आधी झाडाला पाणी घातलं, उरलेलं स्वतः प्यायले, आणि गाडी सुटली.