दगडावर ठेवलेला हात

ऑफिसजवळच्या चौबे कॉलोनीतली भाड्याची खोली मला पसंत पडली होती. घरमालकीण दीदींनी चहा दिला, नोकरीचं विचारलं, मी मटण-मच्छी खात नाही याचीही खात्री करून घेतली. मग म्हणाल्या, "पूरा नाम?" मी आडनाव सांगितलं, आणि ती खोली एकाएकी त्यांच्या भाच्यासाठी ठेवलेली निघाली. मी चहा संपवून वर थँक यू म्हणून आले, याचा राग अजून जात नाही.

घरी आल्यावर डोकं शांत करायला मोबाइलवर माझी मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, उघडली. तिच्यातलं जग व्हिडिओ गेमच्या नियमांनी चालतं. रेल्वेतून रिटायर झालेले बाबा शेजारी येऊन बसले.

"काय वाचून राहिली?"

मी सांगितलं, तिथे प्रत्येक लेकराला देवळात नेऊन एका दगडावर हात ठेवायला लावतात. हवेत अक्षरं उमटतात, आणि हे पोरगं जन्मभर योद्धा राहणार की हमाल, ते पुजारी वाचून दाखवतो. त्याच्यापुढे कोणाचं काही चालत नाही.

बाबांनी मोबाइल हातात घेऊन ते चित्र पाहिलं.

"अन् हे तू टाइमपास म्हणून वाचते?"