तीन नंबरच्या खोलीतला पाहुणा

असल्या गोष्टी मी आजवर वाचल्या आणि विसरले. माझा विश्वास यादीवर. वहीत लिहिलं ते होतं, नाही लिहिलं ते राहून जातं... त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. घडलं तसं क्रमाने सांगते.

जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं शेत आहे. तिथे तीन खोल्या, एक मांडव आणि हुरड्यासाठी पेरलेली ज्वारी. डिसेंबरपासून संक्रांतीच्या पुढेपर्यंत अकोला-खामगावकडची कुटुंबं मुक्कामी येतात. नऊ वर्षं मी आणि माझे मिस्टर हे चालवत होतो. गेल्या उन्हाळ्यात ते गेले. हार्ट अटॅक – तासाभरात सगळं संपलं.

मुलगा पुण्याला. "आई, एकटीनं नको करू, बंदच कर आता," हे त्याचं रोजचं. अकोल्याच्या एका बाईंनी पहिल्या शनिवारी बारा जणांसाठी विचारलं होतं. मी संध्याकाळपर्यंत कळवते म्हणाले होते, पण मनातून उत्तर 'नाही' असंच ठरत आलं होतं.

कारण यादीतलं एक काम होत नव्हतं. चुना मारून झाला, गाद्यांना ऊन दाखवून झालं, हुरडा भाजायच्या आगटीसाठी गोवऱ्या आल्या. राहिला होता खोटा पाहुणा. दरवर्षी सीझनच्या आधी मिस्टर पिशवी घेऊन फाटकातून आत यायचे, तीन नंबरच्या खोलीत दार लावून आडवे व्हायचे आणि आतून तक्रारी करायचे. "अहो मालकीणबाई, पाणी गारढोण आहे." मी बाहेर वही घेऊन उभी. त्या अर्ध्या तासात सापडायचं ते माझ्या कुठल्याच यादीत नसायचं. आमचा दोघांचाच पोरकटपणा, कुणाला कधी सांगितला नाही.

यंदा त्या दिवशी सकाळी मीच जाऊन पडले. छताकडे बघत राहिले. एकही तक्रार सुचली नाही. उठले, खोलीला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली.

दुपारी तीनच्या सुमारास मी मांडवात डाळ निवडत होते. शेवंताबाई – माझ्याच वयाची, चार दिवसांपूर्वी कामाला लागलेली – खोल्यांच्या मागे उशांचे अभ्रे वाळत घालत होती. ती हात पुसत आली.

"ताई, पाव्हणे तं शनिवारी येनार व्हते ना?"

"का गं?"

"तीन नंबरातले उशी मांगून राह्यले. म्हणे एक कमी हाये. अन् भितीले खुंटी नाई, सदरा काय डोक्यावर टांगू, म्हणे." ती हसली. "लय बोलके हायेत बा."

"तू पाहिलंस त्यांना?"

"नाई. खिडकी लावेल हाये, आतून बोलले. काऊन, काय झालं?"

मी धावले नाही. चालतच गेले. कुलूप जागच्या जागी होतं. उघडलं – आत कुणी नाही. दोन पलंग, उशी एक. सकाळी मी ज्या पलंगावर पडले होते, त्यावर उशीच नव्हती... आणि मला ते कळलंसुद्धा नव्हतं. चुना मारणाऱ्याने काढलेल्या खुंट्या परत ठोकायच्या राहिल्या होत्या.

शेवंताने आधी आत डोकावून पाहिलं असेल? पण खोल्यांची झाडलोट मी स्वतः करते, ती आत गेलीच नव्हती. आणि थट्टा करायला तिला या खेळाची माहिती कुठे होती?

बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि वही उघडून तिथेच उभी राहिले. दहा मिनिटं, कदाचित जास्त. काही ऐकू आलं नाही.

मग शेवंताकडे जाऊन विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाले?"

"तुमच्याबद्दल?" शेवंता बुचकळ्यात पडली. "नाई बा. उशीचंच लावलं व्हतं."

मी खुंट्या ठोकल्या. उशी आणून ठेवली. मग अकोल्याच्या बाईंना फोन केला – मी म्हणाले, या, बाराच्या बारा जण या.

सीझन नीट पार पडला. मुलगा आता बंद कर म्हणत नाही. त्या दुपारचं स्पष्टीकरण मात्र माझ्याकडे नाही, आणि ते मी फारसं शोधतही नाही. फक्त इतकंच वाटतं... मी तिथून वीस पावलांवर बसले होते. चार दिवसांच्या ओळखीच्या बाईला जे ऐकू आलं, ते मला का नाही आलं?