इंजिनातल्या अक्षता

८ ऑक्टोबर २००६, चँडलर

मंडळी, बरेच दिवस काही लिहिलं नाही, माफ करा.

मी आणि माझी लेक ईरा वर्षभर जुन्या मसल कारसाठी, म्हणजे दांडग्या ताकदीच्या अमेरिकन गाडीसाठी, स्ट्रोकर (क्षमता वाढवलेलं) इंजिन बांधतोय. आज झाकण लावण्याआधी टॉर्च मारला, तर तेलाच्या भोकात काहीतरी लाल अडकलेलं! तसंच चालू केलं असतं, तर तेलाविना इंजिन जाम झालं असतं.

"ईरा, इंजिन उघडं टाकलंस ना?" मी ओरडलोच.

"बाबा, आय कव्हर्ड इट. एव्हरी टाइम!" तिने चिमट्याने तो कण काढून माझ्या तळहातावर ठेवला. "युवर राइस."

कुंकू लावलेला तांदूळ. दसऱ्याला उघड्या इंजिनावर अक्षता मीच वाहिल्या होत्या!

ईरा चिमटा ठेवून खोलीत गेली. संशय आधी तिच्यावरच का गेला? तुमचंही असं होतं का?

उद्या: इंजिनाला हात लावण्याआधी ईराची माफी मागणे.