टाळ्यांचा धसका

मला एका जागी बसवत नाही. लग्नात नाही, बँकेत नाही, दवाखान्यात तर मुळीच नाही. म्हणून वर्ध्याच्या सभागृहात लेकीच्या कार्यक्रमाला गेलो तेव्हा बायकोनं मला मुद्दाम भिंतीकडची खुर्ची दिली आणि स्वतः वाट अडवून बसली.

लेक दर रविवारी हिंगणीहून एसटीनं वर्ध्याला व्हायोलिन शिकायला जायची. तिथल्या मुलामुलींचा वाद्यवृंद आणि सेलूची एक बँड पार्टी यांनी मिळून एकच कार्यक्रम करायचा, ही तिच्या सरांची टूम. लग्नसराई संपलेली, त्यामुळे बँडवालेही मोकळे होते. शेवटच्या धुनेत बाकी सगळे गप्प राहणार आणि माझी लेक एकटी वाजवणार होती. अर्धं वाजवून जरा थांबायचं, मग उरलेलं अर्धं. ते उरलेलं अर्धं तिनं स्वतः बसवलं होतं. महिनाभर दार लावून तेच घोटत होती, पण आम्हाला नीट ऐकू देईल तर शपथ. "तिथंच ऐकजा," म्हणायची.

आधी पाहुण्यांचा सत्कार झाला. शाल-श्रीफळ दिलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्याच क्षणी मंचावर ढोल, ट्रम्पेट, सगळं दणाणून उठलं. वाद्यवृंदातली मुलं दचकली. बँडचा म्होरक्या, पांढऱ्या मिशांचा माणूस, ओशाळून हातानंच आपल्या लोकांना थांबवू लागला. सभागृह हसलं. मीही हसलो, आणि हसता हसता मला लेकीचं ते मधलं थांबणं आठवलं.

या बँडवाल्यांचा जन्म मांडवाच्या कडेला गेलेला. मंगलाष्टकं चालू आहेत तोवर वाद्यं धरून चिडीचूप उभं राहायचं. शेवटच्या अक्षता पडल्या, टाळ्या झाल्या, की वाजवायचं. त्यात विचार करायला जागाच नाही. सरावाच्या वेळी टाळ्या वाजवायला कुणी नव्हतंच, तेव्हा हे कुणाच्या लक्षात कसं येणार? आता लेक मध्येच थांबली आणि कुणी हौशी माणसानं टाळी वाजवली, तर तिचं ते अर्धं गेलंच.

"सरांले सांगून येतो," मी उठलो.

"बसा गुपचूप," बायको म्हणाली.

"पोरगी मधात थांबन ना, तवा लोक टाळ्या वाजवतीन."

"मंग वाजवू द्या. आपल्याच पोरीले वाजवतीन ना."

हिला समजावत बसायला वेळ नव्हता. मी मागे वळलो. मागचा माणूस मोबाइल धरून बसला होता. "भाऊ, मधात टाळ्या नका वाजवू," मी म्हणालो.

"काऊन? पोरगी चांगली नाई वाजवत का?"

मला त्याचा असा राग आला! तेवढ्यात शेवटची धून सुरू झाली. बघता बघता सगळे गप्प झाले आणि लेक पुढे आली. तिनं काय वाजवलं ते मला सांगता येणार नाही. मी लोकांचे हात बघत होतो. ती थांबली. मागून कुठूनतरी एक टाळी आली आणि मी ताडकन उभा राहिलो, दोन्ही हात वर करून लोकांना थांबवायला. लोकांना वाटलं, संपलं. कुणीतरी उभं राहिलं म्हणून सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं.

आणि बँड सुटला.

लेकीनं व्हायोलिनचा गज खाली घेतला. बायकोनं माझा सदरा ओढून मला खाली बसवलं. म्होरक्यानं एकेकाला गप्प केलं, सगळ्यात शेवटी मोठा ढोल थांबला. मग तो वाकून लेकीला काहीतरी म्हणाला. तिनं मान हलवली, सगळं शांत होईपर्यंत वाट पाहिली आणि उरलेलं अर्धं वाजवायला घेतलं.

मी हात मांडीखाली दाबून धरले. ती धून जरा पुढे जायची, अडायची, परत फिरायची, पुन्हा निघायची. कुठे टेकायचं नावच नाही. संपली तरी टाळी वाजवायची कुणाची हिंमत होईना. शेवटी म्होरक्यानं ट्रम्पेट खुर्चीवर ठेवला आणि स्वतःच टाळ्या वाजवू लागला. मग त्याचे सगळे लोक, मग सभागृह. ही माणसं टाळ्या वाजवताना मी पहिल्यांदाच पाहिली. एरवी त्या वेळी त्यांचे हात रिकामे नसतात.

बाहेर आल्यावर लेकीनं व्हायोलिनची पेटी माझ्या हातात दिली. "बाबा, सगळ्यायनं टाळ्या वाजवल्या. तुमी काऊन नाई?"

"भेव वाटलं," मी म्हणालो.

"तुमच्यावरच तर बसवलं होतं मी ते," ती म्हणाली. "तुमी ओसरीत येरझारा घालता ना, तेच."

एवढं बोलून ती आईबरोबर पुढे गेली. "चला, गाडी लागली," बायकोनं दोनदा हाक मारली. मी पेटी धरून होतो तिथेच उभा होतो. पाय हलेनात.